किल्लीआधी पाना

जुन्या गाड्या आणि वयात येणारी मुले या विषयावर गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांचा गठ्ठा बराच जाड झाला आहे. बहुतेक पत्रे वडिलांची आहेत, दोन-तीन आयांची आहेत आणि एक तर ज्याला गाडी मिळाली त्या मुलाचेच आहे. निवडक पत्रे संक्षेपाने देऊन उत्तरे देत आहे. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माझ्या वडिलांनी १९७२ साली घेतलेली फियाट कारखान्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षे पडून होती. मुलाच्या सतराव्या वाढदिवशी त्याला चकित करावे म्हणून मी ती गुपचूप पुण्याला पाठवली आणि आठ महिने खपून पत्र्यापासून सीटच्या कापडापर्यंत नवी करून घेतली. साडेचार लाखांच्या वर खर्च झाला. वाढदिवशी कव्हर काढले तेव्हा तो ‘मस्त आहे’ एवढेच म्हणाला, दोन फोटो काढले आणि आत निघून गेला. त्याला दोन महिने झाले. अजून त्याने गाडीला हात लावलेला नाही. आईजवळ मात्र म्हणाला, की एवढ्या पैशांत सेकंडहँड स्विफ्ट आली असती. आजच्या मुलांना कशाचीच किंमत राहिलेली नाही का?

उत्तर : तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, म्हणजे ही गाडी रस्त्यावर चालवण्याचा त्याला अधिकार नाही. मोटारीचा शिकाऊ परवानासुद्धा अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ घालण्यात आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी धरले जाते. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘सात रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून ये’ असे त्याला कौतुकाने सांगण्याचा मोह तुम्हाला झाला नसेल, असे मी धरून चालतो. त्याने गाडीला हात लावला नाही ही तुमची तक्रार आहे. मला विचाराल, तर या दोन महिन्यांत तुमच्या घरात सर्वांत शहाणपणाने तोच वागला आहे.

आता किमतीकडे वळू. तुमच्या वडिलांनी ही गाडी घेतली तेव्हा मोटार दुकानात जाऊन आणायची वस्तू नव्हती. परमिटच्या त्या काळात आधी नाव नोंदवावे लागे, पैसे भरावे लागत आणि मग वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहावी लागे. मग गाडी दारात आली, तेव्हा तिच्याविषयीचा जिव्हाळा त्या प्रतीक्षेतच तयार झालेला होता. तुम्ही लहानपणी तिच्या मागच्या सीटवर बसून पंढरपूरला गेला असाल, उलट्या केल्या असतील, उघड्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्याबद्दल बोलणी खाल्ली असतील. म्हणजे तुमचाही जिव्हाळा कमावलेला आहे. मुलाच्या वाट्याला यातले काय आले? शेडमध्ये कापडाखाली झाकलेली एक वस्तू त्याने लहानपणापासून पाहिली, एके दिवशी ती नाहीशी झाली आणि आठ महिन्यांनी चकाकत परत आली. त्याने कव्हर निघताना पाहिले, एवढाच त्याचा आणि त्या गाडीचा संबंध. तेवढ्या संबंधाला ‘मस्त आहे’ हे उत्तर मला पुरेसे प्रामाणिक वाटते.

मी बरीच वर्षे मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला. वर्गात दरवर्षी असा एखादा मुलगा असे, की ज्याच्या घरी चांगली गाडी होती आणि ज्याला गाड्यांत काडीचा रस नव्हता; आणि असाही एखादा असे, की ज्याच्या घरी सायकलही धड नव्हती, पण कार्बोरेटर उघडायला दिला की जेवणाची सुट्टी विसरत असे. या दोघांना मी कधी कृतज्ञतेच्या तराजूत तोलले नाही. मात्र एक गोष्ट नेमाने दिसे. पहिल्या प्रकारच्या मुलाच्या हातून एखादे बंद इंजिन स्वतःच्या खटपटीने सुरू झाले, की दुसऱ्या दिवशी तो वेळेआधी येऊन बसत असे. तुम्ही आठ महिन्यांची ती सगळी खटपट पुण्याच्या गॅरेजला पैसे देऊन करवून घेतलीत आणि मुलाला फक्त शेवट दाखवलात. गंजलेला पत्रा कापताना, सीटखालून जुनी तिकिटे आणि पाच पैशांची नाणी निघताना, इंजिन पहिल्यांदा खोकून सुरू होताना तो तिथे असता, तर आज तुम्ही मला वेगळे पत्र लिहिले असते. चकित करण्याच्या हौसेपायी भेटीतला चांगला भाग तुम्ही एकट्यानेच उपभोगलात, असे मला स्पष्ट म्हणावे लागते.

त्याच्या बाजूनेही थोडे पाहा. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. गाडीला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि सकाळी सुरू करताना चोक ओढायचा. हे सगळे आपल्याला गोड वाटते, कारण आपण त्याच्याशी जुळवून घेत मोठे झालो. त्याच्या मित्रांच्या घरी बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आहेत. त्याने स्विफ्टचे नाव काढले यात मला उद्धटपणा दिसत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला चारचौघांसारखे असावेसे वाटते, आणि ती इच्छा त्याने तुमच्या तोंडावर न बोलता आईजवळ बोलून दाखवली, हे तुमच्या भावनेची बूज राखणेच झाले.

उपाय विचारलेला नाही, तरी सांगतो. गाडी जुनी आहे, तेव्हा ती लवकरच बिघडेल. त्या दिवशी पुण्याला फोन करू नका. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी तुम्ही गाडी चालवत असाल, मुलगा शेजारी असेल आणि सिग्नलला ती बंद पडून पुन्हा सुरू होण्याचे नाव घेणार नाही. इंजिनाच्या अंगाला लागून असलेल्या पंपात उष्णतेने पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर अशा वेळी बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकत आणि पाच-दहा मिनिटे झाडाखाली जाऊन बसत. ते फडके मुलाच्या हातात द्या आणि असे का करायचे ते सांगा. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले बाष्पीभवन त्याला तिथे भर रस्त्यावर भेटेल. मग डेल्कोचे, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीचे, झाकण उघडून पॉइंट साफ करणे, प्लग काढून त्यांचा रंग पाहणे, तेलाची पट्टी पुसून पातळी बघणे ही कामे त्याच्याकडे सोपवा. रस्त्यावर चालवायला अजून दहा महिने आहेत. बॉनेट उघडायला परवाना लागत नाही. मुलाच्या हाती किल्लीआधी पाना द्यावा, असे माझे मत आहे.

आणखी एक. गाडीची गोष्ट सांगणार असाल, तर अर्धी सांगू नका. १९७२ हे आपल्या जिल्ह्यासाठी दुष्काळाचे साल. त्या वर्षी गावोगावची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, आणि त्याच वर्षी तुमच्या दारात नवी मोटार आली. तुमच्या वडिलांना त्याचा अभिमान वाटला की संकोच, की दोन्ही, हे तुम्हालाच ठाऊक असणार. मुलाला तेही सांगा. नुसती कौतुकाची कहाणी या वयातल्या मुलांना चटकन खोटी वाटते. तिला जोडून हेही सांगता येईल, की ही गाडी कुर्ल्याला जिथे बनली, ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद हे सोलापुरात १८८२ साली जन्मले. त्यांच्या नावाच्या कॉलेजवरून तुमचा मुलगा कितीदा तरी गेला असेल. ते नाव आणि आपल्या शेडमधली फियाट यांचा संबंध मात्र त्याला कोणी सांगितला नसेल, अशी माझी शंका आहे.

एवढे करूनही त्याला गाडीत रस वाटला नाही तर? तर नाही वाटला. ती तुम्ही चालवा. तुम्हालाच ती हवी होती, हे कबूल करायला काय हरकत आहे?

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, जुळे सोलापुरात राहतो. कॉलेजात प्रवेश घेतल्यावर बाबांनी मला आजोबांची अ‍ॅम्बॅसेडर दिली. गाडी चांगली आहे, पण ती पेट्रोल पिते, पार्किंगमध्ये मावत नाही, मित्र तिला ‘सरकारी गाडी’ म्हणतात आणि दर रविवारी बाबा विचारतात, ‘फिरवलीस का?’ मला ती नको आहे. बाबांना न दुखावता हे कसे सांगू?

उत्तर : तुझे पत्र दोनदा वाचले. पेट्रोल, पार्किंग आणि मित्रांची चेष्टा ही तीन कारणे तू एका ओळीत उरकलीस. रविवारच्या प्रश्नापाशी मात्र तुझे अक्षर मोठे झाले आहे. तुला गाडीचा त्रास कमी आणि तिच्या हजेरीचा त्रास जास्त होतो, असे मला दिसते.

माझ्याबाबतीत असेच घडले होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांनी त्यांची वापरून जुनी झालेली राजदूत मोटारसायकल मला दिली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, धूर सोडत जायचे. मी ती कॉलेजच्या अलीकडच्या गल्लीत लावून पुढे चालत जात असे. एकदा अक्कलकोटहून येताना कुंभारीजवळ क्लच वायर तुटली. सीटखालची हत्यारांची पिशवी उघडली, तर तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेली नवी वायर आत होती. ती कधी ठेवली, हे वडिलांनी मला सांगितले नव्हते आणि मीही नंतर विचारले नाही. वायर बसवायला मला तास-सव्वा तास लागला. त्यानंतर मी गाडी कॉलेजच्या फाटकातून आत नेऊ लागलो. तुझ्याही बाबतीत असेच होईल, असे मला म्हणायचे नाही. कदाचित तुझी वायर कधीच तुटणार नाही.

तेव्हा सरळ बोल. ‘गाडी मला आवडते, पण रोज वापरायला आणि सांभाळायला मला जमत नाही’ हे वाक्य कोणत्याही बापाला ऐकता येण्यासारखे आहे. ‘तुमची गाडी भंगार आहे’ हे ऐकता येण्यासारखे नाही. रोजच्यासाठी स्कूटर वापर. रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची ती दोघांनी मिळून, संभाजी तलावापर्यंत जाऊन यायचे, येताना तू चालवायची, असा प्रस्ताव बाबांपुढे ठेव. ‘फिरवलीस का’ या प्रश्नाला मग जागाच उरणार नाही. आणि मित्रांना सांग, की सरकारी माणसे ज्या गाडीतून फिरली ती बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ सालापर्यंत बाहेर पडत होती. इतकी वर्षे टिकलेली चेष्टा त्यांनी दुसरी कोणती पाहिली आहे?

गाडी विकायचा विषय तू काढू नकोस. तो बाबांनी काढला तर मात्र विरोधाचे नाटकही करू नकोस.

प्रश्न : मुलगा नुकताच अठरा पूर्ण झाला आहे, शिकाऊ परवाना काढला आहे. यजमानांचे म्हणणे, की पहिली गाडी जुनीच द्यावी. तिचा पत्रा जाड असतो, अपघातात माणूस वाचतो, आजकालच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. मला हे पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. आम्ही होटगी रोडला राहतो.

उत्तर : तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. जाड पत्र्याची गाडी धडकेत कमी चेमटते हे खरे, पण जो धक्का गाडीने सोसला नाही तो कुठे तरी जाणारच, आणि तो आत बसलेल्या माणसाच्या छातीत आणि मानेत जातो. नव्या गाडीचे नाक मुद्दाम चुरगळेल असे बनवलेले असते. तिथे धक्का खर्च होतो आणि माणसे बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. जुन्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा सलग असतो. समोरून धडक बसली, तर तो मागे सरकून चालवणाऱ्याच्या छातीवर येऊ शकतो. पुढच्या सीटना पट्टे असण्याची सक्ती आपल्याकडे १९९४ साली झाली; त्याआधीच्या अनेक गाड्यांना पट्टे नाहीतच. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांची सक्ती तर अगदी अलीकडची, २०१९ च्या सुमाराची.

ब्रेकचाही विचार करा. जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर किंवा गर्दीत ते सारखे दाबले, की तापतात आणि त्यांची पकड कमी होते. अनुभवी माणूस हे पायाखाली ओळखतो, गिअर उतरवतो, पुढच्या गाडीपासून लांब राहतो. शिकाऊ मुलाला ते ओळखता येत नाही, आणि आपल्या शहराला वेढून पुणे, हैदराबाद आणि विजापूरकडे जाणारे महामार्ग मालाच्या ट्रकांनी भरलेले असतात. म्हणून मुलाने आधी साध्या, पट्टे-एअरबॅग असलेल्या गाडीवर शिकावे आणि वर्ष-दोन वर्षे हात बसू द्यावा. त्यानंतर जुनी गाडी द्यायला हरकत नाही, तीही सकाळच्या वेळी, शहरातल्या शहरात आणि शेजारी मोठे माणूस असताना. पट्टे बसवून घ्यायचे असतील तर नुसत्या पत्र्याला भोक पाडून नट आवळणारा मेस्त्री टाळा. मागून जाड पट्टी वेल्ड करूनच ते बसवावे लागतात, नाहीतर झटक्यासरशी पत्र्यासकट उपटून हातात येतात.

यजमानांना हे सगळे वाचून दाखवण्यापेक्षा त्यांना एवढेच विचारा, की ब्रेक लागलाच नाही तर जाड पत्रा कोणाला वाचवणार, आपल्या मुलाला की समोरच्या सायकलवाल्याला?

प्रश्न : आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मुलीला पदवीनंतर ती द्यायची आहे. तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल का? नव्या पेट्रोलने इंजिन खराब होते म्हणतात, ते खरे का?

उत्तर : नोंदवता येणार नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि धंद्यासाठी न वापरली जाणारी गाडीच व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये ठरवलेले आहे. पण तो क्रमांक मिळाल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगांपुरतीच बाहेर काढता येते, रोज वापरता येत नाही. तेव्हा मुलीने ती चालवावी अशी इच्छा असेल, तर साधी नोंदणीच बरी. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. मुदत संपलेली असेल तर भेटीआधी हे काम उरका. सडलेल्या कागदांची गाडी भेट देणे म्हणजे मुलीला एमएच-१३ च्या कार्यालयातले हेलपाटे भेट देणे.

पेट्रोलविषयीची शंका रास्त आहे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि गॅस्केटे मऊ करून खराब करते, आणि हवेतले पाणी शोषून घेत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीला गंज चढवते. इंजिन एका दिवसात बसणार नाही, पण गळक्या नळीमुळे आग लागू शकते, हा धोका खरा आहे. सर्व रबरी भाग इथेनॉल सोसणारे बसवून घ्या, टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नका आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध लिहिणे म्हणजे पंगतीत बसून वाढप्याला नावे ठेवण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. आजोबांच्या फियाटशेजारी ती तासन् तास बसते, हे काय ते काय विचारत राहते. घरातले म्हणतात, मुलीला कशाला ते तेलकट काम. गाडी तर पुढे तिच्या भावालाच जायची. भावाला तिच्यात रस नाही. मी काय करावे?

उत्तर : गाडी कोणाला जायची हे ठरायला अवकाश आहे, ते आत्ता ठरवू नका. मुलीला जुना शर्ट द्या, केस घट्ट बांधायला सांगा, ओढणी घरात ठेवायला सांगा, कारण रेडिएटरच्या पंख्यापुढे मुलगा-मुलगी सारखीच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तिलाच काय, कोणालाही जाऊ देऊ नका. खाली पक्के स्टँड हवेत. मग आजोबांना सांगा, की तिच्या हाती ग्रीस गन द्या. फियाटच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांवर ग्रीस भरायची छोटी निपले असतात, त्यातली काही वर्षानुवर्षांच्या मातीखाली दडलेली असतात आणि ती शोधून खरवडून काढावी लागतात. तिला किती सापडली ते मला पुढच्या पत्रात कळवा.